‘तू’ म्हणताना

आमच्या घरात अण्णांना ‘तू’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आम्ही तिघं भावंडं त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचो, आई ‘अहो’ म्हणायची, गाव ‘मास्तर’ म्हणायचं. आई मात्र आम्हा सगळ्यांची ‘तू’. तिच्यावर रुसायचं, तिच्याशी भांडायचं, तिच्या पदराला तोंड पुसायचं, सगळं ‘तू’ म्हणूनच. संध्याकाळी कंदिलाची काच पुसून झाली की घोंगडीवर सगळे गोल बसायचे. एखादं गीत व्हायचं, अण्णा शास्त्रातला उतारा वाचायचे आणि शेवटी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना. तिच्या सुरुवातीलाच देवाला पिता म्हटलेलं, आणि पुढच्याच श्वासात त्या पित्याला एकेरी हाक. मी सहा-सात वर्षांची असेन. एकदा आमेन झाल्याबरोबर मी विचारलं, “अण्णा, देव आपला बाप आहे ना? मग आपण त्याला ‘तुम्ही’ का म्हणत नाही?”

अण्णा म्हणाले, “शास्त्रात तसंच छापलंय.”

आई तोवर उठून चुलीकडे वळली होती. काटवट पुढे ओढता ओढता म्हणाली, “तुम्ही म्हणलं की निम्म्या गोष्टी पोटातच राहतात, पोरी.”

अण्णांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता शास्त्र फडक्यात बांधून फळीवर ठेवलं.

आता माझी पासष्टी उलटली. या सगळ्या वर्षांत प्रार्थना सुटली असा काळ थोडाच गेला, पण आईच्या त्या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. प्रार्थना मला फार लवकर पाठ झाली. ‘तू’ म्हणायला मात्र जन्म लागला.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली आणि पुढे त्यांच्या शाळा आसपासच्या खेड्यांत पोचल्या. तसल्याच एका शाळेत अण्णा शिकवायचे. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, एरवी उपासना अण्णाच चालवायचे. घरात ‘ज्ञानोदय’चे जुने अंक सुतळीनं बांधून ठेवलेले असायचे. १८४२ साली नगरला सुरू झालेलं ते पत्र अण्णांच्या दृष्टीनं शास्त्राच्या खालोखाल होतं. त्यांची प्रार्थनेची भाषाही तिथूनच आलेली, भारदस्त, ठेवणीतल्या वस्त्रासारखी. “हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन देवा” अशी सुरुवात झाली की लहान मुलंही चुळबूळ थांबवायची. मला ती भाषा आवडायची. आजही आवडते. देवापुढे उभं राहताना माणसानं शब्द धुऊन-पुसून आणावेत, यात अण्णांचा आदर होता, दिखावा नव्हता.

पण माझ्या तोंडी ती भाषा आली तेव्हा तिच्यात दिखावा शिरला. मला आठवतं, दहा वर्षांची असताना नाताळच्या उपासनेत अण्णांनी मला उभं केलं. मी त्यांचे सगळे शब्द ओळीनं म्हटले, कुठे अडखळले नाही. उपासना संपल्यावर दारात बायकांनी माझ्या गालावरून हात फिरवले. “मास्तरांची पोर काय प्रार्थना करते!” ते कौतुक मला गुळासारखं लागलं. पुढे नगरला शिकायला वसतिगृहात राहिले, तिथेही प्रार्थनेला माझंच नाव निघायचं. डोळे मिटले की शब्द आपोआप यायचे आणि शब्दांबरोबर एक कान उघडा राहायचा, ऐकणाऱ्यांच्या बाजूला. देवाला काय वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावर काय वाटतं, ते न पाहता कळायचं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मी तेव्हाच पाठ केला होता. प्रभूची प्रार्थना त्याच अध्यायात आहे, पण तिच्या अगोदर दोन इशारे आहेत, हे पाठ करणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं नव्हतं. लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, आणि पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजून बडबड करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावा, मग बोला. लूकमध्ये तर एक शिष्य स्वतःच येऊन म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य यहुदी घरांत वाढलेले पुरुष होते. प्रार्थना त्यांच्या कानांवर जन्मापासून पडलेली असणार. तरी त्यांना शिकावंसं वाटलं. मला मात्र दहाव्या वर्षीच सगळं येत होतं.

खोलीचं म्हणाल तर आमच्या घराला खोली एकच होती. तीत चूल, तीत कणग्या, तीतच आम्ही पाचजण. दार लावायचं तर सगळ्यांना आत घेऊन. आई पहाटे उठून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत पुढे ओढायची. ती तिची खोली. आत काय चाललंय ते ऐकू यायचं नाही. कधी पदर हलायचा, कधी नुसता तसाच राहायचा. आम्ही हाक मारली तर ती पदराच्या आतूनच “थांब” म्हणायची. तो एक ‘थांब’ सोडला तर दिवसभरात तिनं आम्हाला कधी थांबवलं नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आधीच्या सालीही पाऊस धड नव्हता. त्या साली विहिरीचा तळ दिसला, गुरं निघून गेली, आणि आई गावातल्या इतर बायांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. आई गरम पाण्यात पीठ मळायची, तरी थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या. तव्यावर ती विटकरीसारखी दिसायची आणि घास घशात खरखरायचा. शाळेत सुकडी मिळायची ती आम्ही जिभेवर ठेवून पुरवून पुरवून खायचो, पण संध्याकाळी मिलो चुकायचा नाही.

एका संध्याकाळी अण्णांनी त्या भाकरीसाठी लांबलचक उपकारस्तुती केली. धाकटा भाऊ रडायला लागला, “मला नको ही.” अण्णांनी डोळे न उघडता आवाज चढवला. तेवढ्यात आईनं प्रार्थना सुरू केली. बायकांनी मध्येच प्रार्थना धरायची आमच्याकडे रीत नव्हती. ती म्हणाली, “देवा, पोराला ही भाकर गोड लागत नाही. मलाबी लागत नाही. हात सोलून निघालेत. तू दिलीस, तुझे उपकार. पण पाऊस पाड, ज्वारी दे. आमेन.”

एवढंच. खोलीत कुणी हललं नाही. मला भीती वाटली, अण्णा रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हळूच ‘आमेन’ म्हणाले. त्यांनी स्वतःच्या भाकरीचा मधला मऊ भाग काढून धाकट्याच्या ताटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची उपकारस्तुती आखूड झाली.

प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे. मराठी बायबलात तिथे ‘अन्न’ नाही, ‘भाकर’ आहे. पुस्तकातला शब्द आणि तव्यावरची वस्तू एकच असल्याचं मला त्या संध्याकाळी कळलं. आणि हेही कळलं, की भाकर मागणाऱ्यानं ती खरखरते हेही सांगावं. आईनं उपकार मानले आणि तक्रारही केली. दोन्ही एकाच श्वासात, आणि दोन्ही खरी.

‘तू’ची हिंमत आईकडे आली कुठून, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे आमच्या तालुक्याचं गाव. मारुतीच्या देवळातून रात्री अभंग ऐकू यायचे, दिंड्या वाटेनं जायच्या. विठोबाला माउली म्हणायचं, त्याच्याशी भांडायचं, त्याला जाब विचारायचा, हे त्या सगळ्या मुलखाच्या बोलण्यात मुरलेलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तुकोबांना मागे टाकून आले नाहीत. अभंग, ओवी, कीर्तन सगळं बरोबर घेऊन आले आणि ख्रिस्ताला माउली म्हणणारी पदं लिहिली. आमच्या ‘उपासना संगीता’त त्यांचा वाटा फार मोठा आहे. आई निरक्षर होती. तिला टिळक पुस्तकातून भेटले नाहीत, गळ्यातून भेटले. जात्यावरही ती तीच पदं म्हणायची. देवाशी घरच्या माणसासारखं बोलायची परवानगी तिला त्या पदांनी दिली असणार.

मी शिक्षिका झाले, लग्न झालं, शहरातल्या मोठ्या मंडळीत आलो. तिथेही महिला मंडळाच्या सभेत “आता बाई आपल्याला प्रार्थनेत चालवतील” असं म्हटलं की मी उभी राहायचे. बारा वर्षांची असताना जे कळलं होतं ते शहाणपणाच्या खाली दबून गेलं होतं. मग यजमानांचं यकृताचं दुखणं निघालं. अडीच वर्षं चाललं. घरी प्रार्थनेला माणसं येत, उपास धरत, डोक्यावर हात ठेवत. त्यांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण शेवटच्या महिन्यात एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “कुठेतरी विश्वास कमी पडतोय, बघा.” त्या रात्री मी माझा विश्वास ताकडीत घालून बघितला. वजन वाढावं म्हणून मोठ्यानं प्रार्थना केली, खात्रीचे शब्द वापरले, बरे झालेच असं धरून आभारसुद्धा मानले. पोटात मात्र मला माहीत होतं, डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी वाचलं होतं. देवाला जे सांगत होते ते मला स्वतःला खरं वाटत नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खोटी प्रार्थना मी सगळ्यात जास्त कळवळून केली.

ते गेले. दफनविधी झाला, सांत्वनाच्या उपासना झाल्या, आणि मग शब्द आटले. डोळे मिटले की ओळी येत, पण ओळींच्या मागे कुणी उभं नसे. सहा-सात महिने असे गेले. गावाकडून आत्या आली होती, अण्णांची धाकटी बहीण. तिला उपदेश करता येत नव्हता. रात्री दिवा घालवण्याआधी ती माझ्या अंथरुणावर येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “प्रभू, आम्हाला काहीच कळंना. आमेन.” आणि झोपायला गेली. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी रडले आणि रडता रडता माझ्या तोंडून निघालं, “तू ऐकत का नव्हतास?”

त्या वाक्याला मी प्रार्थना म्हणायला धजले नसते, पण स्तोत्रसंहितेनं धीर दिला. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. कुठवर, का, कुठे आहेस, असे प्रश्न त्यांत पानोपानी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच आहे, त्याला आशेची शेपटी जोडलेली नाही. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांनी ते वगळलं नाही, उपासनेत गाण्यासाठी ठेवलं. आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशूनं तीन वेळा तीच प्रार्थना केली. प्याला टळावा असं वाटतं, हे त्यानं आधी सांगितलं. मग पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. आम्ही पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जातो आणि त्याला समर्पण म्हणतो.

पंडिता रमाबाईंची पत्रं मी त्याच सुमारास वाचली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या फार मानत, तरी मनाला पटल्याशिवाय एकही मत ओठांवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावरून, मतांगीकारातल्या वाक्यांवरून त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली. भगिनींच्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांनासुद्धा त्यांची हरकत होती. आपल्या देशातल्या बायांना जी भाषा येत नाही ती आपण छातीवर का मिरवायची? परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला असलेली तरुण विधवा हे लिहीत होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते ग्रंथरूपानं बाहेर आलं. त्यांच्या हट्टात मला आईचा पदर दिसला. जे कळत नाही, पटत नाही, ते देवासमोर म्हणायचं नाही. गप्प राहीन, पण खोटं बोलणार नाही. ही देवाशी केलेली उद्धटाई नव्हे, त्याच्यावरचा भरवसा आहे.

मग ‘ऋण’ आलं. आमच्या प्रभूच्या प्रार्थनेत पापांच्या क्षमेच्या जागी ऋणाचा शब्द आहे. आम्ही ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, अशा अर्थाचं मागणं. येशू बोलत होता त्या अरामी भाषेत कर्जाला आणि पापाला एकच शब्द होता. मत्तयानं कर्ज लिहिलं, लूकनं पाप. लहानपणी मी ते कळीचं वाक्य नुसतं सुरात म्हणून टाकायचे. अण्णा गेल्यावर धाकट्या भावानं घराच्या आणि सात एकरांच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. “ताई, तुला काय करायचंय आता गावाकडं,” म्हणाला. ज्याच्या ताटात अण्णांनी मऊ भाकर ठेवली होती तोच. सही मी केली, कुणी हात धरला नव्हता. पण तहसीलच्या आवारातून बाहेर पडताना त्यानं चहासुद्धा विचारला नाही. जमीन गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्यानंतर अकरा वर्षं दर रविवारी मी मंडळीबरोबर ते वाक्य म्हणत राहिले. एका रविवारी घशात अडकलं. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे पुढच्या ओळीवर गेले होते. घरी येऊन अध्याय काढला, आणि पहिल्यांदाच दिसलं, की प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो. भाकरीवर नाही, राज्यावर नाही, क्षमेवर. तेवढ्यावरच माणूस गडबड करणार, हे त्याला ठाऊक असणार. त्या दिवसापासून मी ठरवलं, की त्या ओळीशी थांबायचं. म्हणायचं ते खरं म्हणायचं. “देवा, मी सोडलेलं नाही. सोडायची इच्छाही अजून झालेली नाही. इच्छा व्हावी, एवढं मात्र वाटतं. तेवढंच आज आहे माझ्याकडे.” दोन वर्षं रोज हेच. कधी “आज तेही वाटत नाही” असंही सांगितलं. खोट्या क्षमेपेक्षा हे थोडंसं खरं देवाच्या हातात देणं मला जास्त जड गेलं.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तशी मी एक वही केली. दोनशे पानी, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांची. नावं वाढत गेली, त्रेसष्टपर्यंत. सकाळी एका दमात सगळी वाचायचे. एक दिवस माझाच आवाज माझ्या कानांवर आला, आणि तो वर्गात हजेरी घेतानाचा आवाज होता. तेव्हा वही मिटली आणि ठरवलं, दिवसाला एकच नाव. त्या माणसासाठी नेमकं काय मागायचं, हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पहिलं नाव निघालं खालच्या मजल्यावरच्या काकूंचं. चार वर्षं मी त्यांच्यासाठी “त्यांना बरं कर” म्हणत आले होते. त्यांना नक्की काय झालंय, हे मी कधी विचारलं नव्हतं. खाली गेले, बसले, विचारलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बरं व्हायचं दुखणं ते नव्हे, आणि काकूंची तशी अपेक्षाही नव्हती. त्या म्हणाल्या, “सुई टोचताना हात धरायला कुणी असलं ना, तर चार तास जातात. पोरगा कामावर असतो.” मी वर आले आणि त्या दिवशी प्रार्थनेत मागायला काही उरलंच नाही. मंगळवारी सकाळी साडेसातला रिक्षा बोलावली.

दोन वर्षं गेले त्यांच्याबरोबर. नळ्यांतून रक्त फिरत असताना त्यांचा हात माझ्या हातात असायचा, गार आणि हलका. मी डोळे मिटायचे नाही, काही म्हणायचेही नाही. काकू रामनाम घ्यायच्या. शब्द नसले तरी पवित्र आत्मा आपल्या उसाशांतून मध्यस्थी करतो असं पौलानं रोमकरांना लिहिलं आहे. ते त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर मला पटलं.

विचार करून प्रार्थना करायची तर कष्ट पडतात, ते शब्द शोधण्याचे नव्हेत. जे मागतो ते खरंच हवं आहे का, ज्याच्यासाठी मागतो त्याला ओळखतो का, आणि उत्तर माझ्याच पायांनी चालत जायचं असेल तर मी उठेन का, हे विचारण्याचे ते कष्ट आहेत. अण्णांचे ठेवणीतले शब्द मी टाकलेले नाहीत. शब्द आटले होते तेव्हा त्याच ओळींनी मला धरून ठेवलं. फक्त आता त्या ओळींतून मी सावकाश चालते, आणि जिथे पाय अडतो तिथे उभी राहते.

गेल्या नाताळला भावाचा फोन आला. “ताई, नातवाचा बाप्तिस्मा आहे. ये.” गेले. घर रंगवलं होतं, चुलीच्या जागी गॅसचा ओटा. संध्याकाळी सगळे बसले, वीस-बावीस माणसं. भाऊ म्हणाला, “प्रार्थना ताई चालवील.” मी मोठी प्रार्थना केली नाही. सरळ प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी सूर धरला. भाकर आली, गेली. ऋणाच्या शब्दापाशी माझा आवाज रोजच्या सवयीनं थांबला. बाकीचे पुढे निघाले, पोरांचे चढे आवाज, सुनांचे हळू. आणि त्या आवाजांखाली मला ऐकू आलं, की माझ्या शेजारचा एक जाडाभरडा आवाजही थांबलाय.

मी डोळे उघडले नाहीत. तोही काही बोलला नाही. सगळे ओळभर पुढे गेल्यावर आम्ही दोघांनी मागे राहिलेली ती ओळ धरली, अगदी हळू, आणि शेवटाला त्यांना गाठलं.

जेवणं झाल्यावर त्यानं विचारलं, “चहा घेशील?”

मी म्हटलं, “तू कर. साखर कमी.”

पहाटे जाग आली. ओट्याच्या बाजूची भिंत अंधारात चाचपून मी तिच्याकडे तोंड करून बसले आणि पदर पुढे ओढला.

“तू,” मी म्हटलं, आणि मग बराच वेळ काहीच म्हटलं नाही.